नदीच्या अलीकडे

३० जानेवारी १९११, सोमवार

ही वही मी हौसेने लिहायला घेतलेली नाही. सरकारी वकील जोनस बर्डसॉल यांनी घ्यायला लावली. कॉलेज सोडले तेव्हाच मी रोजनिशी सोडली. स्वतःबद्दल रोज लिहावे इतके काही माणसाच्या आयुष्यात घडत नाही, असे माझे मत झाले होते आणि ते अजून बदललेले नाही. पण ही वही माझ्याबद्दल नाही. माझा धाकटा भाऊ रोज कुठे होता, याची ही नोंद आहे.

माझा भाऊ ऑरिन केडी हा या राज्याचा गव्हर्नर आहे. त्याची बायको वारल्यापासून त्याचे घर मी चालवते. त्याआधी मी मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवत होते. आमच्या राज्यघटनेत एक कलम आहे. गव्हर्नर राज्याच्या हद्दीबाहेर गेला, किंवा आजारपणामुळे कामाला असमर्थ झाला, तर तेवढ्या वेळापुरते सगळे अधिकार उपगव्हर्नरकडे जातात. कलम लिहिणाऱ्यांनी दोघे एका विचाराचे असतील असे धरले असावे. लोक मात्र दोघांना वेगवेगळे निवडतात, आणि आमच्या लोकांनी ऑरिनच्या जोडीला लिअँडर स्ट्राउड दिला. तो खाण कंपनीचा माणूस आहे.

गेल्या मंगळवारी ऑरिन नदीपलीकडे गेला. त्याचे वकिलीतले जुने भागीदार लायमन वारले होते, त्यांच्या दफनासाठी. राजधानी नदीच्या काठावर आहे आणि पुलाच्या मध्यावर आमचे राज्य संपते. ऑरिन रात्री तिकडेच राहिला. तेवढ्यात स्ट्राउड त्याच्या खुर्चीत बसला, त्याने तुरुंगांच्या निरीक्षकाला काढून टाकले आणि त्या जागी कंपनीचा माणूस नेमला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिनने तो हुकूम रद्द केला. आता स्ट्राउड म्हणतो की रद्द करण्याची सही ऑरिनने आगगाडीत केली आणि तेव्हा गाडी हद्दीपलीकडे होती. प्रकरण कोर्टात आहे. स्टेशनमास्तर एक सांगतो, गार्ड दुसरे.

बर्डसॉल आज कॉफीला आले तेव्हा म्हणाले, "मिस केडी, साक्षीदार या राज्यात पुष्कळ आहेत. पण उलटतपासणी घेणाऱ्यालाच घाम फोडेल असा एकच आहे."

"ही स्तुती असेल तर मला नको."

"स्तुती नाही, सोय आहे. तुम्ही त्यांना सकाळी बघता, संध्याकाळी बघता. रोज लिहून ठेवा, गव्हर्नर कुठे होते. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल."

"मला आटोपशीर लिहिता येत नाही. कॉलेजात सारांशाला मला नेहमी कमी गुण पडत."

"मग सगळं लिहा," ते म्हणाले. "फक्त खरं लिहा."

हे त्यांनी सांगण्याची गरज नव्हती.

गव्हर्नर राज्यात.

३ फेब्रुवारी

गव्हर्नर राज्यात.

आमच्याकडे गव्हर्नरच्या बंगल्यात नोकर नसतात, कैदी असतात. जुनी रीत आहे. चांगल्या वागणुकीचे काही जण तुरुंगातून पाठवतात. ते स्वयंपाक, बाग, घोडे बघतात. बाकीच्यांना राज्य कोळशाच्या खाणींना भाड्याने देते. एखादा मेला तर कंपनीला दुसरा मिळतो. हे बंद करण्याचे विधेयक ऑरिनने या अधिवेशनात आणले आहे. कोणताही कैदी कोणाही खाजगी माणसाच्या, कंपनीच्या किंवा घराच्या हवाली करता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. 'घराच्या' हा शब्द त्याने स्वतः घातला. म्हणजे आमचीही चूल बंद. रेल्वेची भाडी त्याने पहिल्या वर्षी खाली आणली, पक्षाच्या बंद खोलीतून उमेदवार ठरवण्याची पद्धत दुसऱ्या वर्षी मोडली, पण निवडून आला तो या एका वचनावर.

बंगल्याचा सगळा कारभार होझिया टल बघतो. त्याने दारूच्या भांडणात मेव्हण्याला मारले, जन्मठेप आहे. ती शिक्षा मिळवून देणारा जिल्ह्याचा वकील ऑरिनच होता. पुढे एका अपघाताच्या चौकशीसाठी ऑरिन खाणीत उतरला तेव्हा टल त्याला कमरेएवढ्या पाण्यात दिसला. घरी येऊन तो बूट न काढता माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "मी त्याच्यासाठी तुरुंग मागितला होता, डोशा. खाण नव्हती मागितली." हे वाक्य त्याने नंतर प्रत्येक सभेत म्हटले, फक्त थिओडोसियाची डोशा वगळून.

मग त्याला माफी का देत नाहीस, असे मी एकदा विचारले होते. "माझे बूट पुसतो म्हणून त्याला माफी दिली तर खाणीतल्यांनी काय करायचं? माझे बूट पुसायला रांग लावायची?"

आज टलला रागावले. आमचा कुत्रा जज्ज पिंपासारखा फुगला आहे.

"याला तुम्ही काय घालता?"

"मी नाही घालत, बाईसाहेब. त्याचं त्याला टेबलाखाली मिळतं."

"कोण देतं?"

"ते जज्जच सांगेल. मी पडलो कैदी, माझी साक्ष कोण धरतो?"

जन्मठेपेच्या माणसाला इतकी जीभ असू नये. ऑरिनला विचारले तर तो हसला. त्याने स्वतः मात्र आज दुधात भिजवलेल्या पावाशिवाय काही खाल्ले नाही. मटण चांगले शिजले होते.

९ फेब्रुवारी

गव्हर्नर राज्यात. दिवसभर कचेरीत.

लायमनबाई मृत्युपत्राच्या कामासाठी अलीकडे आल्या होत्या, त्या भेटून गेल्या. निघताना म्हणाल्या, "ऑरिनने पाठवलेली फुलं फार शोभली."

"तो स्वतःही आला होता ना."

"नाही हो. आम्ही थांबलो होतो थोडा वेळ. कामात अडकला असेल बिचारा."

मी त्यांना दारापर्यंत पोचवले आणि जिन्यात उभी राहिले. दफनाला गेला नाही, मग ती रात्र तो कुठे होता? पलीकडच्या शहरात आमच्या पक्षाचा म्होरक्या राहतो. वॉशिंग्टनची सिनेटरची जागा पुढच्या वर्षी रिकामी होत आहे आणि ती कोणाला मिळावी हे तो माणूस ठरवतो. तो खाण कंपनीच्याही संचालकांत आहे. दोन आणि दोन किती होतात हे मला कळते.

त्या दिवशी ऑरिनचा कोट झटकताना त्याला जंतुनाशक कार्बोलिकचा उग्र वास येत होता. आगगाडीचे डबे धुतले असतील असे मला वाटले होते. आता वाटते, अशा बैठकीनंतर माणसाने हात तरी नक्की धुवावेत.

ऑरिनला अजून विचारलेले नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

गव्हर्नर राज्यात. याची आज मला इंचापर्यंत खात्री आहे.

प्रार्थनेनंतर ऑरिन म्हणाला, चल, पुलावर फिरून येऊ. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. पुलाच्या तोंडाशी स्ट्राउडने बसवलेला माणूस पिंपावर बसून शेंगा खात होता. गव्हर्नर कधी पलीकडे जातो हे बघणे एवढेच त्याचे काम.

"नमस्कार, साहेब. आज प्रवास?" त्याने विचारले.

"तुझ्या शेंगा संपेपर्यंत नाही," ऑरिन म्हणाला. "स्ट्राउडसाहेबांना सांग, पोतं मोठं पाठवा."

पुलाच्या मध्यावर हद्दीची पितळी पाटी आहे. तिथे ऑरिन बुटांची टोके पाटीला लावून उभा राहिला आणि त्याने टोपी काढून हात पुढे केला.

"बघ डोशा. टोपी परराज्यात गेली. आता टोपीपुरता गव्हर्नर स्ट्राउड."

"पोरकटपणा पुरे. टोपी पडेल नदीत."

तो टोपी मागे घेईना. पलीकडच्या काठावर टेकडीवर लांबलचक विटांची इमारत आहे, धर्मभगिनींचे रुग्णालय. तो तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "किती जवळ आहे नाही? दगड मारला तर काच फुटेल."

परतताना त्याला तीनदा कठड्याला धरून थांबावे लागले. थंडी होतीच, पण बावन्न म्हणजे काही म्हातारपण नाही. कचेरीत बसून बसून माणसे अशी होतात.

१९ फेब्रुवारी, रविवार

गव्हर्नर राज्यात, आणि राज्यातच राहील. आज ते ठरवून घेतले.

जेवताना ऑरिनने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "मला तीन-चार आठवडे नदीपलीकडे राहावं लागलं तर तू काय म्हणशील?"

"कशासाठी?"

"काम आहे."

"कोणाकडे?"

टल ताटे उचलायला आला होता, तो दारातच थांबला.

मग मी बोलले. उकळत्या पातेल्यावर दाबून ठेवलेले झाकण उडावे तसे बोलले. लायमनबाई येऊन गेल्याचे सांगितले. म्हटले, "तू दफनाला नव्हतास. कुठे होतास ते मी विचारत नाही, कारण मला ऐकवणार नाही. पण चार आठवडे स्ट्राउडला खुर्ची दिलीस तर विधेयक मेलं. गेल्या वर्षी कंपनीच्या खाणीत पाणी शिरून माणसं बुडाली, त्यांच्या बायकांना तू चर्चमध्ये उभं राहून शब्द दिलास. आता जायचं असेल तर आधी त्यांच्याकडे जा आणि सांग, की मला दुसरं काम निघालं. नदी ओलांडलीस तर या घरात परत येऊ नकोस."

"तशी शक्यता आहेच," तो म्हणाला, आणि हसला. मला ते हसणे आवडले नाही.

आमच्या घरात लहानपणी शपथ घेत नसत. आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलायचे. तसे बोललेले कोणी मोडत नसे. ती खुर्ची माझ्या खोलीत आहे. मी ती ओढत जेवणघरात आणली. ऑरिनने खूप वेळ माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. कोर्टात निकाल ऐकल्यावर वकील पाहतात तसे. मग उठला, खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाला, "विधेयकावर सही होईपर्यंत मी हद्द ओलांडणार नाही."

"झालं," मी म्हटले.

"झालं," तो म्हणाला, आणि टलला म्हणाला, "तुम्ही ताटं न्या आता. कोर्ट उठलं."

टलच्या हातून एक ताट फुटले. इतक्या दिवसांत पहिलेच. मी त्याला काही बोलले नाही, कारण मी समाधानात होते.

६ मार्च

गव्हर्नर राज्यात.

खालच्या सभागृहात विधेयक मंजूर झाले. वरच्या सभागृहाचा अध्यक्ष उपगव्हर्नर म्हणून स्ट्राउडच आहे आणि तो विधेयक कामकाजाला लावतच नाही. अधिवेशन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. तोपर्यंत दाबून धरले की संपले.

आज स्ट्राउड बंगल्यावर आला. मी स्वतः कॉफी ओतली. तो ऑरिनकडे, विशेषतः त्याच्या कॉलरकडे बघत होता. ऑरिन आत कागद आणायला गेला तेव्हा माझ्याजवळ सरकून म्हणाला,

"मिस केडी, गव्हर्नरांना हवापालट हवाय. नदीपलीकडे चांगले डॉक्टर आहेत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"तुमची काळजी पोचली. नदीपर्यंत पोचवायला तुमचा शेंगावाला बसलाच आहे."

तो चिडला नाही. "मी विरोधक म्हणून नाही बोलत. माझा थोरला भाऊ असाच दिसायला लागला होता. आम्ही हसत होतो, म्हणत होतो, बरं झालं, पोट उतरलं."

त्याचा आवाज खाली आला होता. चांगले नट असेच करतात. मी त्याच्या कपात आणखी साखर घातली आणि हवामानाबद्दल बोलले. ऑरिनला नंतर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "स्ट्राउड वाईट माणूस नाही, डोशा. त्याला फक्त मालक आहे."

१४ मार्च

गव्हर्नर राज्यात. दुपारी कचेरीतून लवकर आला.

टल अंगणात दाभणाने ऑरिनच्या पट्ट्याला नवे भोक पाडत होता. आधीची ताजी भोके दिसत होती. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार आहे हे मला माहीत आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला सडपातळ दिसण्याची हौस यावी आणि त्यासाठी त्याने जेवण कुत्र्याला घालावे, याचे मला हसू येत नाही. सिनेटर होणाऱ्यांना चेहरा लागतो, असे मी टलसमोर म्हटले.

टलने दाभण थांबवले. "बाईसाहेब, तुम्ही एवढं शिकलात..."

"पुढे बोला."

"काही नाही. पट्टा चांगला आहे म्हणत होतो. चामडं टिकाऊ आहे."

विधेयक पडले तर टल खाणीत जाईल. स्ट्राउडने बंगल्यातली माणसे बदलणार असे आधीच बोलून दाखवले आहे. तरी तो गव्हर्नरच्या पट्ट्याची काळजी करत बसतो.

१८ मार्च

गव्हर्नर राज्यात. मी उद्या निघते.

वरच्या सभागृहातल्या काही सभासदांनी निवडणुकीत विधेयकाला हो म्हटले होते. आता मत द्यायची वेळ आली की ते सभागृहाबाहेर जातात. ऑरिनची यावर जुनी तऱ्हा आहे. सभासदाच्याच गावी जायचे, कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहायचे आणि तो कुठे हजर होता, कुठे नव्हता, कोणत्या बाजूने मत दिले, हे नुसते वाचून दाखवायचे. भाषण नाही, शिवी नाही. या वेळी तो मला जा म्हणतो.

"तू का नाही जात?"

"मी गेलो तर सभा होईल. तू गेलीस की हजेरी होईल."

मला हा आळस वाटतो, किंवा त्याहून वाईट काही. मी नसताना तो काय करील? पण गेले पाहिजे.

२५ मार्च

परत आले. सहा दिवस गव्हर्नर कुठे होते ते मी पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही. टलने सांगितले ते खाली देते, टलने सांगितले म्हणून.

गावोगाव चिखल होता. तरी लोक आले. एका गावात एक शेतकरी तंबाखू चघळत म्हणाला, "बाई, तुम्हाला मत नाही. आमच्या मतांचा हिशेब तुम्ही कशाला ठेवता?"

"मला मत असतं तर मी ते दिल्यावर ते कुठे जातं हे विचारलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगायला आले."

त्याची बायको मागे उभी होती, ती मोठ्याने हसली. नंतर तिनेच मला मक्याचे भाजलेले दाणे गाडीत आणून दिले. तिथल्या सभासदाने दुसऱ्या दिवशी तारेने कळवले की तो आता सभागृहातच बसेल.

आल्याबरोबर टलला विचारले, "साहेब पुलाकडे गेले होते?"

"नाही, बाईसाहेब. वरच्या खिडकीत खुर्ची टाकून पुलाकडे बघत मात्र बसायचे."

"आणि कोण आलं होतं?"

"डॉक्टर आले होते. बुद्धिबळ खेळायला."

डॉक्टर पिकेट हे आमचे घरचे डॉक्टर, ऑरिनचे शाळूसोबती. त्यांना बुद्धिबळ येते हे मला माहीत नव्हते.

३१ मार्च

गव्हर्नर राज्यात.

वरच्या सभागृहाने स्ट्राउडला विधेयक पुढे घ्यायला भाग पाडले आणि ते मंजूर झाले. गॅलरीत मी होते. निकाल सांगताना स्ट्राउडचा आवाज स्वच्छ होता. माणूस हरला तरी व्याकरण सांभाळतो, हे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे.

घरी येऊन सांगितले तेव्हा ऑरिन पलंगावर होता. "पक्की प्रत सहीला कधी येईल?"

"सोमवारी."

"सोमवार," तो म्हणाला, आणि पिकेट डॉक्टरांकडे बघितले. डॉक्टर खिडकीपाशी गेले. बुद्धिबळाचा पट कुठे दिसला नाही.

मी ऑरिनबद्दल चूक केली. सिनेटची जागा हवी असती तर त्याने हे होऊ दिले नसते. दफनाच्या दिवशीचा उलगडा मला अजून झालेला नाही, पण तो आता विचारणार नाही.

३ एप्रिल, सोमवार

ही नोंद दोन भागांत आहे. पहिला भाग मी राज्यभवनात, ऑरिनच्या कचेरीतल्या टेबलाशी उभी राहून लिहिला.

गव्हर्नर राज्यात. घरून गाडीने आले, राज्यभवनाच्या पायऱ्या चालत चढले. विधेयक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता तो दाखवला, पूर्ण नावाने सही केली. सही ओळखीची, स्पष्ट. साक्षीदार: जोनस बर्डसॉल, थिओडोसिया केडी. बर्डसॉल कागद स्वतः नोंदणीला घेऊन गेले आणि नोंद करून परत आले.

दुसरा भाग घरी.

पायऱ्या चढताना ऑरिनने माझा दंड धरला होता. चारचौघांत तो कधी असे करत नाही. मला बरे वाटले. वर स्ट्राउड उभा होता. त्याने टोपी काढली आणि बाजूला झाला.

सही झाल्यावर ऑरिन म्हणाला, "वहीत लिहिलंस?"

"घरी जाऊन लिहीन."

"आत्ता लिही. बघितलंस तसं. मी चालत आलो, वाचलं, सही केली."

लिहिले. बर्डसॉल नोंदणीहून परतले तेव्हा ऑरिनने उठायचा प्रयत्न केला आणि त्याला उठता आले नाही. पिकेट डॉक्टर बाजूच्या खोलीतच बसलेले होते.

मग ऑरिनने मला सांगितले. पोटात गाठ आहे. जानेवारीत ती रात्र तो टेकडीवरच्या त्या रुग्णालयात होता. तिथल्या सर्जनने लगेच शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितले होते. मी विचारले, सर्जनला अलीकडे का नाही बोलावलेस? उत्तर मला येत होते. इथे भूल घेतली असती तरी तो असमर्थ ठरला असता, आणि खुर्ची स्ट्राउडची.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुला माहीत असतं तर तू लिहिलं असतंस."

"लिहिलंच असतं."

"म्हणूनच." त्याने डोळे मिटले. "गव्हर्नर असमर्थ होता, असं कोर्टात तुझ्याच अक्षरात वाचलं गेलं असतं. तुला खोटं लिहायला सांगता आलं नसतं. मग एकच उरलं."

"फेब्रुवारीत तू मला विचारलं होतंस."

"हो. त्या दिवशी मी भ्यालो होतो. तू खुर्ची आणलीस ते बरं केलंस."

मला ते बरे वाटले नाही. वाटले नाही एवढेच लिहिते.

४ एप्रिल

गव्हर्नर सकाळी रुग्णगाडीतून निघाले. मी, पिकेट डॉक्टर आणि टल बरोबर. टलला तुरुंग अधीक्षकांनी हद्दीपर्यंतच परवानगी दिली होती. पुलाच्या तोंडाशी शेंगावाला पिंपावरून उठून उभा राहिला.

पाटीशी गाडी थांबली. टल उतरला. ऑरिन त्याला म्हणाला, "जज्जला जपा. त्याचं जेवण आता कमी होणार."

"होऊ द्या, साहेब. त्यालाही पट्ट्याला भोकं पाडू."

टल पाटीच्या अलीकडे उभा राहिला आणि गाडी पुढे गेली.

गव्हर्नर राज्याबाहेर.

८ एप्रिल

शस्त्रक्रिया परवा झाली. सर्जनने पोट उघडले आणि काही न काढता पुन्हा शिवले. ऑरिन शुद्धीवर आला होता. त्याने विचारले, कायदा शाबूत आहे का. मी हो म्हटले. आज पहाटे तो गेला.

दुपारी त्याला घेऊन आम्ही पूल ओलांडला. पाटीपाशी टल उभा होता. बर्डसॉल सांगतात की त्याने कालपासून तिथे उभे राहण्याची परवानगी मागितली होती.

ऑरिन राज्यात.

१२ एप्रिल

स्ट्राउड आता गव्हर्नर आहे. खाण कंपनीने आजच कोर्टात अर्ज केला: सहीच्या वेळी गव्हर्नर केडी आजारामुळे असमर्थ होते, म्हणून कायदा रद्द धरावा. स्ट्राउडने अर्जावर सही केलेली नाही. कंपनीने ती मागितली होती असे ऐकते.

बर्डसॉल आले आणि टोपी फिरवत बसले.

"मिस केडी, वही लागेल."

"घ्या."

"तुम्ही ती पुन्हा वाचली आहे का? फेब्रुवारीतल्या काही गोष्टी... सिनेटची जागा, म्होरक्या, फोटोग्राफर. भर कोर्टात वाचल्या जातील. वर्तमानपत्रांत येतील. तुम्हाला त्रास होईल."

"ती पानं काढली तर?"

त्यांनी मान वर केली. "ती पानं म्हणजेच आपली बाजू आहे. त्याच घरात राहणारी, रोज बघणारी, कोणाचीही भीड न ठेवणारी बहीण. तिला भाऊ लबाड वाटला, आळशी वाटला, नटवा वाटला. आजारी मात्र एक दिवस वाटला नाही. असमर्थ माणूस असा वागत नाही, हे याहून चांगलं कोण सांगणार?"

"ऑरिनने हे धरलं होतं?"

"वही लिहून घ्या, हे मला त्यांनीच सुचवलं होतं."

टल दारात उभा होता. मी त्याला कॉफी आणायला सांगितले, आणि आणल्यावर बसायला सांगितले. तो बसला. आम्ही तिघांनी कॉफी घेतली.

१५ एप्रिल, शनिवार

बंगला आज स्ट्राउडबाईंच्या हवाली केला. मुख्य दाराच्या, तळघराच्या आणि कोठाराच्या किल्ल्या. राज्याची चांदीची भांडी, मोजून. चादरी, पडदे, पियानो. एक ताट कमी आहे. ते फेब्रुवारीत फुटले, असे मी सांगितले.

स्ट्राउडबाई चांगल्या वाटल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी विचारले, "आणि माणसं कुठे आहेत?"

"माणसं सुपूर्द करता येत नाहीत," मी म्हटले. "कायदा आहे."

बंगल्यातले कैदी सकाळीच तुरुंगाच्या शेतीवर गेले. टलबरोबर मी जज्जला पाठवले. अधीक्षकांनी हरकत घेतली नाही. टल निघताना म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही लिहिता म्हणे सगळं. माझं ताटाचं पण लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.

आईची खुर्ची मी बरोबर नेत आहे. ती राज्याची नाही.

ही वही या नोंदीनंतर जोनस बर्डसॉल यांच्या हाती देत आहे. एकही पान फाडलेले नाही. १९ फेब्रुवारीचे पानही आहे.

थिओडोसिया केडी